पंधरा खणांचं कार्ड

लग्नात माझं नाव बदललं तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याच्या हातात अंगठी दिली, आणि सासूबाईंनी कानात सांगितलेलं नाव त्यानं तांदळात लिहिलं. त्याच्या नावाला शोभणारं म्हणे. त्या तांदळाची दुसऱ्या दिवशी खीर झाली. खीर बरी होती. नाव मला कधीच आवडलं नाही, पण नवी सून म्हणून मी गप्प बसले. आता गप्प बसत नाही, आता माझंच सगळ्यांना ऐकावं लागतं.

तर मी वर्ध्याकडची, रायपूरला दिली. छत्तीसगड राज्य नुकतंच झालं होतं आणि रायपूर एका दिवसात राजधानी होऊन बसलं होतं. नवरा मंत्रालयात होता. फायली भोपाळहून खोक्यांत आल्या होत्या आणि खोकी कोणत्या खोलीत उघडायची हेच अजून ठरत नव्हतं, म्हणून तो सकाळी नऊला जायचा तो रात्रीच्या जेवणालाच उगवायचा. रविवारीसुद्धा. राज्यही नवं होतं, मीही नवी होते, पण त्याचं सगळं लक्ष राज्याकडे.

ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या त्या घरात आम्ही पाच जण. सासरे रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. बोलणं मोजकं, पण घरातल्या प्रत्येक वायरीवर त्यांनी चिकटपट्टी लावून लिहिलेलं: पंखा, कूलर, देवघर. सासूबाईंचं बोलणं अजिबात मोजकं नव्हतं. आणि दीर, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आपण मराठीत विचारावं, त्यानं हिंदीत उत्तर द्यावं. जेवायचं का भाऊजी, तर ‘हव, बस दो मिनट’. ही दोन मिनिटं कधी तासाभराच्या आत संपली नाहीत.

एके दिवशी हा पोट्टा खोक्यात काहीतरी घेऊन आला. टीव्हीला लावून खेळायची मशीन होती, जुनी. बदली होऊन आलेल्या कुणा साहेबाच्या घरची. तिथल्या मुलांचं बोर्डाचं वर्ष म्हणून मॅडमनं घराबाहेर काढलेली. राखी रंगाचा चपटा डबा, वर गोल झाकण, झाकणाखाली तबकडी ठेवायची. पुढे खाली दोन खोबण्या, त्यात खेळायचे दोन हँडल लागायचे. त्यांच्या वर दोन खाचा. सोबत पिशवीभर तबकड्या आणि एक काडेपेटीएवढं काळं कार्ड.

मागून तीन वायरी निघायच्या, पिवळी, पांढरी आणि लाल. आमच्या टीव्हीला भोकं दोनच. दिरानं तासभर तिन्ही वायरी आलटून पालटून लावल्या, चित्र आलं तर आवाज नाही, आवाज आला तर चित्र नाही. शेवटी सासरे पेपर बाजूला ठेवून उठले. पिवळी चित्राची, पांढरी आवाजाची, म्हणाले, आणि लाल दुसऱ्या बाजूच्या आवाजाची. आपल्या टीव्हीला एकच तोंड आहे, तिचं इथे काही काम नाही. ती लोंबकळणारी लाल वायर काही त्यांना पाहवेना. तिच्या टोकाला त्यांनी काळी टेप गुंडाळली आणि पट्टीवर लिहिलं, ‘रिकामी’. मला त्या वायरीबद्दल फार जवळीक वाटायची. सगळ्यांसोबत आलेली, रंगानं सगळ्यांत उठून दिसणारी, आणि काम काही नाही.

कारण मीही बी.एस्सी. झालेली होते आणि लग्नाआधी दोन वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. इथे शाळेत अर्ज करते म्हटलं तर सासूबाई म्हणाल्या, बघू. त्यांचं ‘बघू’ मी दोन वर्षं बघत होते.

दुपारी जेवणं झाली की घर शांत व्हायचं. सासूबाई दोन ते चार झोपायच्या, आणि त्यांची झोप अशी की शेजारी वरात वाजवली तरी कूस बदलणार नाहीत. सासरे थंडीचं ऊन खायला देवळाच्या ओट्यावर जाऊन बसायचे. दीर कॉलेजात. एका दुपारी पुसायला म्हणून मी त्या मशीनवरचा कपडा काढला. आणि पुसून झाल्यावर, खोटं कशाला बोलू, वायरी लावल्या.

तबकड्यांत सगळी मारामारी, गाड्या आणि कुस्ती. एक मात्र निराळी निघाली, शेतीची. टोपी घातलेला एक पोट्टा, त्याला आजोबांचं पडीक शेत मिळतं, दगड वेचायचे, नांगरायचं, पेरायचं, पाणी द्यायचं, गाय घ्यायची. दिरानं ती एकदा लावून पाहिली होती. इसमें लड़ना किससे है, म्हणाला, आणि टाकून दिली. मला हसू आलं. शेतीत लढायचं कुणाशी हे ज्याला कळत नाही, तो ब्राह्मणपाऱ्यातच वाढलेला असणार. माझ्या बाबांची वर्ध्याजवळ सेलूला सोळा एकर होती.

खेळ सुरू होताना विचारतो, शेतकऱ्याचं नाव काय? खाली इंग्रजी अक्षरांचा तक्ता येतो, एकेक अक्षर उचलून ठेवायचं. मी विचार केलाच नाही. बोटांनी आपोआप माझं माहेरचं नाव लिहिलं. शाळेच्या हजेरीतलं, मार्कशिटवरचं. पडद्यावर तो टोपीवाला उभा आणि त्याच्या डोक्यावर माझं नाव. दोन वर्षांत ते मी कुठेच लिहिलेलं पाहिलं नव्हतं. मी पदरानं डोळे पुसले. मग म्हटलं, रडते काय, दगड वेच.

शेती मात्र अगदीच खुळ्यासारखी होती. पाऊस वेळेवर. अळी नाही, रानडुक्कर नाही, मजूर नाहीत. सलगम चार दिवसांत तयार. चार दिवसांत आमच्याकडे बियाण्याची पिशवीसुद्धा उघडून होत नाही. हिवाळ्यात चक्क बर्फ पडायचा आणि हा गडी अर्ध्या बाहीच्या शर्टात. मी एकटी बसून त्याला शिव्या घालायची आणि त्याचंच काम करायची. गायीला मी दररोज ब्रश करायची. न केला तर ती रुसायची, दूध कमी द्यायची, हे तेवढं त्यांनी बरोबर दाखवलं होतं.

आता हे सगळं टिकायचं कसं, तर त्या काळ्या कार्डात. मशीन बंद केली की तिला काहीच आठवत नाही. कार्ड खाचेत असलं तर खेळ त्यात लिहून ठेवतो आणि उद्या तिथूनच पुढे सुरू. त्या कार्डात पंधरा खण होते. दिराच्या कुस्त्या आणि गाड्या एक नंबरच्या खाचेत कार्ड लावून चालायच्या, मी दोन नंबरच्या खाचेत लावायची. काही फरक पडत नाही, उगीच. आपलं काहीतरी वेगळं असावं म्हणून. चार वाजायला आले की कार्ड परत एक नंबरला, वायरी काढून गुंडाळायच्या, कपडा टाकायचा, चहा ठेवायचा.

सगळं झाकलं जायचं, पण मशीन तापायची ते झाकता येईना. जुनी होती, अर्ध्या तासात तव्यासारखी व्हायची आणि मग चित्र अडकायचं. दिराला कुणा मित्रानं सांगितलं की उलटी करून ठेव, चालते. खरंच चालायची. झाकण खाली, पोट वर, अशी ती कूलरसमोर पडलेली असायची. सासूबाई येता-जाता विचारायच्या की भाकर उलटवली का. मे महिन्यात एकदा दीर लवकर आला, मशीनला हात लावला आणि ओरडलाच की मैंने तो छुआ नहीं, ये गरम कैसे है! सासरे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, मे महिना आहे, माझंही डोकं गरम आहे, त्यालेही कोणी हात नाही लावला. विषय तिथेच संपला. सासऱ्यांना उन्हाची फार समज आहे, एवढंच मला तेव्हा वाटलं.

असे आठ महिने गेले. माझ्या शेतात कोंबड्या आल्या, दुसरी गाय आली, घराला माडी झाली. आणि अश्विनात, नवरात्रात, आभाळ कोसळलं.

दिरानं कुठूनतरी फुटबॉलची नवी तबकडी आणली. तिला जागा बरीच लागायची आणि कार्ड भरलेलं. तो जेवताना मोठ्यानं यादी सांगत होता, काय ठेवायचं, काय पुसायचं. आणि म्हणाला की एक शेतीवालं काहीतरी आहे, कुणा मुलीच्या नावानं. त्या साहेबांना मुलगी असणार, तिचं राहून गेलं असेल. त्यानं माझं माहेरचं नाव उच्चारलं, घास चावता चावता. ताटावर आम्ही पाच जण होतो. कुणाचा हात थांबला नाही. नवऱ्यानं वरण मागितलं.

मी वरण वाढलं. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत ते नाव छापलं होतं हो, सोनेरी अक्षरांत, तीनशे पत्रिका याच दिरानं सायकलवर फिरून वाटल्या होत्या. आणि आता म्हणतो कुणाचं तरी राहून गेलं असेल. दसरा झाला की पुसून टाकतो, म्हणाला, मित्र येणार आहेत खेळायला. मी ‘ते माझं आहे’ म्हणायला हवं होतं. पण मग दुपारच्या दोन तासांचा हिशेब द्यावा लागला असता, आणि सासूबाईंच्या ‘बघू’चं कायमचं ‘नाही’ झालं असतं. मला वाटलं जाऊ दे, खेळच तर आहे. आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले. खेळ नव्हता तो. त्या घरात माझं जुनं नाव तेवढ्या एकाच जागी उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्या घरी ती जोरात असते. ज्याचं जे हत्यार, ते पाटावर. सासऱ्यांनी आपले रेल्वेतले पेचकस, पक्कड आणि बारीक ब्रश मांडले. नवऱ्याची पेनं, ऑफिसातला शिक्क्याचा डबा. सासूबाईंची विळी. दिराची पुस्तकं मांडायला घेतली तर सासूबाई म्हणाल्या, ती राहू दे, त्यांचा आणि याचा काय संबंध, याचं हत्यार ते डबडं आहे, तेच ठेव. मग मशीन आली, वर झेंडूचं फूल. आणि माझ्यासाठी सासूबाईंनी पोळपाट-लाटणं आणून ठेवलं.

“हे तुझं,” त्या म्हणाल्या.

त्यात वाईट काही नव्हतं. त्याही दररोज तेच लाटत आल्या होत्या. पण माझं टाळकं सणकलं. पूजा करायचं काम माझं, बाकीचे हात जोडून आपापल्या वाटेनं गेले, आणि मी पाटासमोर एकटी. खंडेनवमीला ज्याचं खरं हत्यार त्याचीच पूजा होते ना? मग मी मशीनच्या खाचेतून कार्ड ओढून काढलं, लाटण्याशेजारी ठेवलं, करंगळीच्या बाजूचं बोट ओल्या हळदीत आणि मग ओल्या कुंकवात बुडवलं आणि त्याला नीट टिळा लावला. कुठे लावला? जिथे पितळी पट्ट्या चमकत होत्या तिथेच. तेच मला त्याचं कपाळ वाटलं. वर चार अक्षता दाबल्या. गणित शिकवलेली बाई मी! पण त्या क्षणी डोकं होतं कुठे.

लावून झाल्यावर कळलं. पुसायला हात पुढे केला आणि तसाच राहिला, कारण खंडेनवमीला पूजेतलं हत्यार दसऱ्याची पूजा होईपर्यंत हलवायचं नाही. एवढ्यात सासूबाईही आल्याच. मी घाईनं कार्ड खाचेत ढकललं, कुंकवासकट, आणि ते तिथे वाळलं.

दसऱ्याला संध्याकाळी सोनं वाटून झालं आणि दिराचे तीन मित्र येऊन बसले. दिरानं मशीन लावली. कार्ड नाही, म्हणते मशीन. काढलं, लावलं, एक नंबर, दोन नंबर, फुंकर मारली. कार्ड नाही. मग त्यानं ते उजेडात धरलं. पितळी पट्ट्यांवर वाळलेलं कुंकू, आणि त्यात एक अख्खा तांदूळ.

सासूबाई म्हणाल्या की देवानंच बरं केलं. दीर रडायच्या बेतात, त्याच्या वर्षभराच्या कुस्त्या त्यात होत्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी, हातात चिवड्याची ताटली. माझ्या दोन गायी, माडीचं घर, माझं नाव, सगळं मीच माझ्या हातानं घालवलं होतं. देवाला दोष द्यायलाही जागा नव्हती, कार्डाला हळदकुंकू मीच लावलं होतं.

सासरे उठले. पाटावरून ब्रश घेतला, दिराच्या कंपासपेटीतून खोडरबर घेतला आणि दिव्याखाली बसले. सगळ्यांना सांगू लागले की सिग्नलचे असेच कॉन्टॅक्ट असतात, त्यावर धूळ बसली की लाल दिवा हिरवा होत नाही आणि अख्खी मेल उभी राहते. तो तांदूळ ब्रशनं काढला. मग खोडरबरानं एकेक पट्टी घासली, एका दिशेनं, सावकाश. मित्रांपैकी एकानं चिवडा मागितला तेव्हा त्याला गप्प बसायला सांगितलं. शेवटी त्यांनी कार्ड स्वतः खाचेत लावलं. दोन नंबरच्या. मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. ते टीव्हीकडे पाहत होते.

यादी आली. सगळी, पंधराच्या पंधरा खण. दीर आनंदानं ओरडला आणि लगेच कामाला लागला. शेतीवर आला, पुसायचं का, मशीननं विचारलं, आणि त्यानं बाण ‘हो’वर नेला. अंगठा बटणावर.

“थांबा भाऊजी,” मी म्हणाले. “ते नाव माझं आहे.”

कुणाला कळेना. मग मी ताटली ठेवली आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. दुपार, वायरी, गाय, आणि हो, कुंकूही मीच. दीर पडद्याकडे पाही, माझ्याकडे पाही. नवरा सगळ्यांत उशिरा हलला. त्यानं पडद्यावरचं नाव ओठांनी वाचलं, परत वाचलं, आणि मान खाली घातली. त्या माणसाला मी जन्मात कधी खजील झालेलं पाहिलं असेल तर ते तेव्हा.

सासूबाईंनी तोंड उघडलं, दुपारी आम्ही झोपतो आणि ही असं करून राहिली, अशी सुरुवातही झाली. सासऱ्यांनी हात वर केला.

“मले माहीत होतं,” ते म्हणाले. “हा पोट्टा वायर कधी गुंडाळून ठेवते का? आठ महिन्यांपासून ती नीट गुंडाळलेली असते. मी काहून रोज उन्हात देवळात जाऊन बसतो मग?”

भर दुपारी तापलेला तो ओटा मी पाहिलेला होता. मे महिन्यात त्यावर मांजरसुद्धा बसत नसे. मी वाकून नमस्कार केला, आणि नेमकी तेव्हाच मित्रानं परत चिवडा मागितला.

पुढच्या आठवड्यात सासऱ्यांनी नवं कार्ड आणलं आणि दिराला दिलं. जुनं माझ्याकडे राहिलं. नवरा म्हणाला, वाटणी झाली, आणि आमच्या मंत्रालयापेक्षा लवकर झाली. कार्डावर सासऱ्यांनी पांढरी पट्टी चिकटवून त्यावर नाव लिहिलं. कोणतं लिहू, एवढंही त्यांनी विचारलं नाही. बरोबर तेच लिहिलं.

सासूबाई मात्र आठ दिवस फुगून होत्या. माझ्याशी कामापुरतं बोलत. दुपारी झोपायच्या ऐवजी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहत. मी भीतीनं मशीनला हात लावला नव्हता. नवव्या दिवशी दोन वाजता मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. आतून त्यांची हाक आली. मी कपडे घालतच राहिले. परत हाक आली, जास्त जोरात. कुणाला बोलावतात, असं मनात आलं. शेजारच्या कुणाला असेल.

तिसऱ्या वेळी त्या स्वतः दारात आल्या, कमरेवर हात ठेवून. “केव्हाची बोलावून राहिली, कान फुटले का? तुझी गाय उपाशी आहे तिकडे,” असं म्हणाल्या, आणि शेवटी माझं नाव घेतलं. तेच, माहेरचं.

जवळपास तीन वर्षांत त्या नावाला ओ द्यायची सवय गेली होती. ओला टॉवेल खांद्यावर तसाच टाकून मी आत गेले.